भरीत पार्टीला निघालेली बडगी

“आई, तू शाळा सोडलीस, की शाळेनेच तुला काढलं?”

मित्रांनो, हा प्रश्न मुळात देवश्रीचा नव्हे. विधी आणि माहेनूर या तिच्या मैत्रिणींनी पैज लावली होती, “हिंमत असेल तर विचारून दाखव!” हल्ली देवश्री स्टेजवर भाषण करते, मागे कशी हटेल? तिने विचारलं, आणि तिच्या आईचा, दिपमालाचा, पोळी लाटणारा हात थांबला.

मी एक जुनी बडगी आहे, होडीसारखी लांबट, लाकडी. भाजलेली वांगी माझ्यात कुटली, की खानदेशी भरीत होतं. दिपमालाचे वडील जीवराम आबा यांनी अमळनेरजवळच्या शेतातल्या चिंचेच्या बुंध्यातून मला कोरून काढलं. थंडी पडली, की मला उसंत नसे. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, साल काढून माझ्यात टाकायची, वर मिरच्या, आणि मुसळाचे दणके! लोक बोटं चाटत म्हणत, “आबा, बडगी भारी शे तुमनी!” मी फुगून जायचे.

दिपमाला नववी पास झाली आणि तिची आई अंथरुणाला खिळली. घरचा स्वयंपाक दिपमालावर आला आणि शाळा सुटली. ती माझ्यात चटणी कुटायची, तेव्हा दारावरून तिच्या वर्गातल्या मुली दहावीच्या पेपरला जायच्या. तेवढा वेळ ती मान वर करत नसे. मुसळाचा घाव मात्र जोरात पडायचा.

लग्नानंतर मी तिच्यासोबत धुळ्याला, देवपूरच्या घरी आले. मग मिक्सर आला. मी माळ्यावर गेले. कुणी तेलाचा हात फिरवला नाही आणि माझ्या कडेला चीर पडली.

परवा दिपमालाच्या मोबाइलवर आमंत्रण आलं. तिच्या वर्गातल्या झुलालने लिहिलं होतं :

“समस्त टकले, पोटवाले आणि केस रंगवणारे वर्गबंधू-भगिनींनो! रविवारी दुपारी माझ्या मळ्यात भरीत पार्टी. बठ्ठासनी येवानं, अगदी सगळ्यांनी! ज्यांना भागाकार कधीच जमला नाही, त्यांनी वाढायला उभं राहू नये. पावडर लावून येऊ नये, धुराने सगळे एकाच रंगाचे होतील. दिपमाला, तू बडगी लई ये, सोबत घेऊनच ये. मिक्सरचं भरीत खाऊन आमची जीभ नापास झाली आहे.”

देवश्री खो-खो हसली. दिपमाला हसली नाही.

“त्यांना बडगी हवीय,” ती म्हणाली. “मी कशाला? ती दहावीची बॅच. आई आजारी पडली, म्हणून मी दहावीत बसलेच नाही.”

शाळेने काढलं नव्हतं, हे देवश्रीला तेव्हा कळलं. तिचं हसू मावळलं.

संध्याकाळी देवश्रीच्या पप्पांनी मला माळ्यावरून उतरवलं. दिपमालाने मला धुतलं, पुसलं, चिरेवरून हळूच तेलाचं बोट फिरवलं. मग म्हणाली, “अहो, तुम्हीच देऊन या. मला ताप आहे म्हणा.”

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला नुसतं ठेवून दिलं, की मी तडकते. माणसांचंही तसंच असावं. जुन्या वस्तूंना माळ्यावर टाकू नका, आणि आपल्या माणसांनाही नाही. मला मळ्यात जायचं होतं, पण तापाचं खोटं कारण सांगून नाही. तिच्याशिवाय तर मुळीच नाही.

पप्पा मला पोत्यात घालू लागले, तशी देवश्री मध्ये येऊन उभी राहिली.

“पप्पा, थांबा. माझं ठरलंय. बडगी एकटी जाणार नाही. रविवारी क्लास बुडवून मी आईला घेऊन जाणार. आई, नववीपर्यंत तू त्यांच्याच वर्गात होतीस ना? मग नववीपर्यंतच्या गप्पा तू मार. दहावीच्या निघाल्या, की आपण दोघी भरीत कुटू.”