कवितेने टाकलेले शब्द

मित्रांनो, मी एक जुनी वेताची टोपली आहे. कचऱ्याची टोपली म्हणालात तरी मला राग नाही. पण खरकटं आणि साली माझ्या वाट्याला कधी आल्या नाहीत, हेही ऐकून ठेवा! मी एका कवयित्रीच्या टेबलाखाली राहते. माझ्या पोटात फक्त शब्द पडतात.

एका म्हाताऱ्या कारागिराने वेत भिजवून, वाकवून मला विणलं. नवी होते तेव्हा येणारेजाणारे म्हणत, "काय सुबक वीण आहे!" पुढे काठाचा एक वेत तुटला आणि तुटकी बाजू भिंतीकडे करून मला बसवण्यात आलं. चालायचंच.

आमच्या बाई शाळेत शिकवतात आणि दुपारी घरी येऊन लिहितात. त्यांची रीत जगावेगळी. ओळ लिहायची, मोठ्याने वाचायची आणि नको तो शब्द कात्रीने कापून माझ्यात टाकायचा. कविता पुरी होईपर्यंत मला रिकामं करायचं नाही, हा त्यांचा दंडक. न जाणो, एखादा शब्द परत लागायचा!

सुरुवातीला मी मनात म्हणे, या बाईंना चांगलं-वाईट कळत नाही. 'उदास', 'एकाकी', 'भयाण' असे भरजरी शब्द फेकतात आणि 'कप', 'कडी', 'टॉवेल' जपून ठेवतात. माझं मत बदललं ते त्यांची आई गेल्यावर.

आजारी आई शेजारच्या खोलीत असत. शेवटच्या दोन महिन्यांत त्या रोज चार वाजता, चहाच्या वेळी, धाकट्या लेकीची वाट पाहत. धाकटी आली नाही. आई गेल्यावर दोघी बहिणींचं बोलणं तुटलं. बाईंनी मग कविता लिहायला घेतली. आईचं ते वाट पाहणं धाकटीला कळावं, एवढाच त्यांचा ध्यास होता. नाहीतर बहीण कायमची दुरावणार, हे त्यांना ठाऊक होतं.

पहिले आठ दिवस नुसता राग उतरला. 'तू निष्ठुर आहेस.' 'तुझ्यामुळे ती झुरून गेली.' बाईंनी ते वाचलं, थोडं रडल्या आणि चोळामोळा करून माझ्यात टाकलं. मग 'दुःख' पडलं. 'शांतता' पडली. लांबलचक ओळींचे तुकडे झाले, मधे मोकळी जागा आली. एका ढगाळ दुपारी त्यांनी उरलेलं सावकाश वाचलं.

चार वाजले.
तिने दोन कप मांडले.
एकावर साय धरली.

दाराची कडी
काढलेलीच राहिली.

मित्रांनो, मी भूतबीत मानत नाही. पण त्या मोकळ्या जागेपाशी बाई थांबल्या आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी श्वास धरून बसल्यासारखं मला वाटलं. बाईंनीही मान वळवून पाहिलं. कवितेत भीती नव्हती, दुःख नव्हतं, आईचं नावसुद्धा नव्हतं. तरी आई आल्या होत्या. माझ्या अंगावर वेताचा काटा आला!

बाईंचं समाधान मात्र होईना. शेवट अजून सापडला नव्हता, म्हणून मी भरलेलीच राहिले आणि तिथेच घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी बाई शाळेत असताना धाकटी आली. आईची एक साडी न्यायला आली होती, तिच्याकडे जुनी किल्ली होती. टेबलाशी ती थबकली, वाकली आणि माझ्यातला बोळा उलगडून वाचू लागली. निष्ठुर. झुरून गेली. अहो, ते टाकलेलं आहे, टाकलेलं! पण टोपलीला तोंड असून वाचा नसते.

बाई घरी आल्या तेव्हा ती जमिनीवर बसली होती, मांडीत माझे सगळे बोळे.

"हे असं वाटतं तुला माझ्याबद्दल?"

"वाटलं होतं. म्हणून तर फेकलं." बाईंनी वहीतला कागद तिच्या हातात दिला. "हे ठेवलंय, ते वाच."

धाकटीने वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिची नजर दाराकडे गेली आणि तिथेच राहिली.

"मी यायचे गं, ताई," ती म्हणाली. "रोज चार वाजता कोपऱ्यापर्यंत. तिला तसं बघायचा धीर व्हायचा नाही. खालून खिडकीकडे बघायचे आणि परत जायचे."

बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. शेजारच्या खोलीतून आईसुद्धा ऐकत होत्या, असं मला वाटतं.

मित्रांनो, रागाने लिहिलेलं माझ्यासारखीकडे खुशाल टाका, पण वेळेवर मला रिकामं करत जा. आणि कुणाच्या टोपलीत हात घालून माणूस जोखू नका. त्याने काय ठेवलं, ते आधी विचारा.

धाकटीने पेन्सिल मागितली आणि कवितेखाली लिहिलं, 'मी खाली उभी होते.' बाईंनी ती ओळ मोठ्याने वाचली. कात्री टेबलावर होती, पण बाईंनी तिला हात लावला नाही.