खोट्या कॉइलला बांधलेला लच्छा

मित्रांनो, मी एक जुनी कॉइल आहे, आणि त्यातही खोटी. दचकू नका. मी खोटं बोलत नाही, मला खोटी बनवलेली आहे. इंदूरला तुकोगंजमध्ये एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाट आहे, त्याच्या मधल्या फळीवर मी पडून असते. दिसायला अगदी साधी. काळ्या प्लॅस्टिकच्या दोन पुऱ्या एकमेकींना चिकटवाव्यात तशी, मागे एक जाड वायर, आणि अंगावर पिवळी चकती. शेजारी माझी बहीण असते, निळ्या चकतीची. ती खरी.

आमचं काम काय ते आधी सांगते. माणसाच्या मेंदूला रक्त पोचवणारी एखादी नळी अचानक तुंबते. लोक त्याला लकवा म्हणतात, डॉक्टर स्ट्रोक म्हणतात. मग हात असतो धडधाकट, पण त्याला हुकूम देणारी मेंदूतली जागा गप्प होऊन जाते. कपाळाच्या जरा वर खरी कॉइल धरली आणि वीज सोडली, की चुंबकाचा एक ठोका कवटीतून आत जातो आणि त्या गप्प जागेला हलवतो, झोपलेल्या माणसाचा खांदा हलवावा तसा. टक, टक, टक. माझ्यातूनही टक टक असाच आवाज येतो, कातडीला मुंग्याही येतात. पण माझ्या पोटात एक पत्रा आहे. ठोका तिथेच अडतो. आत काही म्हणजे काही जात नाही.

मग असली कॉइल बनवायचीच कशाला? त्यासाठी तुम्हाला डॉक्टर वसुधाताईंची गोष्ट सांगायला हवी.

वसुधाताईंच्या आई इंदुमतीबाई शाळेत शिकवत. लकव्यानंतर त्यांच्या उजव्या हाताने पुन्हा कधी खडू धरला नाही. कॉलेजातल्या वसुधाताईंनी ते पाहिलं आणि त्या मेंदूच्या मागेच लागल्या. डॉक्टर झाल्या, परदेशी जाऊन संशोधन शिकल्या, आणि तिकडे लोक थांबा म्हणत असताना परत इंदूरला आल्या. इथे खोली होती, मशीन नव्हती. मशीन आली तेव्हा लाइट जायची. अशा खटपटीत वर्षं गेली. मग एकदाची खरी कॉइल, म्हणजे आजची निळी, कामाला लागली आणि काय सांगू, थोडेच पेशंट होते पण बहुतेकांचे हात हलू लागले. वर्तमानपत्रात फोटो आले. शाल मिळाली, नारळ मिळाला. निळीचं तर कौतुक विचारूच नका.

आणि त्या शालीच्या घडीतच वसुधाताईंच्या मनात एक शंका जाऊन बसली.

"जयेश," त्या एकदा म्हणाल्या, "पेशंट रोज येतो, तू त्याच्याकडून मेहनत करून घेतोस, मी विचारपूस करते. मग हात नक्की हलवला कोणी? मशीनने की आपण?"

जयेश म्हणजे हातापायांचा व्यायाम घेणारा फिजिओ. पक्का इंदुरी. तो म्हणाला, "मॅडम, हात हलला ना? बस्स! गळ्यात हार पडलाय, आता उतरवायची काय गरज आहे?"

पण वसुधाताईंनी ऐकलं नाही. जेल रोडवर इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान असलेल्या परेशभाईंकडून त्यांनी मला बनवून घेतलं. हुबेहूब, फक्त पोटात पत्रा. जुनी ओळखू येऊ नये म्हणून तिलाही नवं आवरण चढवलं, आणि दोघींवर चकत्याही परेशभाईंनीच लावल्या. अर्ध्या पेशंटना खरी लावायची, अर्ध्यांना मी. व्यायाम सगळ्यांना सारखा. निळीवाले जास्त सुधारले तर समजायचं, काम मशीनचं. म्हणजे बघा, आपल्याच दाव्याची परीक्षा घ्यायला त्यांनी मला जन्माला घातलं.

कोणती खरी हे कोणाला कळता कामा नये, नाहीतर मनं झुकतात. परेशभाईंनी ते फक्त पुण्याच्या एका संख्याशास्त्राच्या बाईंना कळवलं आणि तोंडाला कुलूप लावलं. वसुधाताईंना माहीत नाही, जयेशला माहीत नाही. पेशंटना इतकंच सांगितलेलं, की तुम्हाला खरी मिळेल किंवा खोटी. शेवटी कोणती होती ते आम्ही सांगू, आणि खोटी असली तर हवी त्याला खरी देऊ.

त्या दवाखान्यात कोणाला माहीत होतं? मला. आणि ते माहीत असणं काय असतं ते मलाच ठाऊक. कोणी देवासहून यायचं, कोणी धारहून. मी डोक्याला टेकले की डोळे मिटून घ्यायचे. त्यांच्या कपाळाची शीर उडताना मला जाणवायची. लकव्यानंतरचे पहिले महिने मोलाचे असतात, तेव्हाच हात सर्वांत जास्त शिकतो. आणि ते महिने माझ्यासारखीच्या खाली चालले होते. टक, टक, टक. दर ठोक्याला मला वाटायचं, हा पण वाया.

सगळ्यांत जास्त धास्ती मला द्वारकाबाईंची. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत त्यांची खानावळ. उजव्या हाताची मूठ अशी मिटलेली की बोटं उघडायला दुसरा हात लागे. पोळ्या सुनेच्या हातात गेल्या होत्या, आणि पोरं म्हणत होती, आता खानावळ बंदच करू. द्वारकाबाई पहिल्याच दिवशी खुर्चीत बसून म्हणाल्या, "डॉक्टरजी, सच्ची सांगते, मला खरीच मिळणार. माझं अंदरसे मन म्हणतं."

आणि कॉम्प्युटरने त्यांच्या नावापुढे पिवळी दाखवली. मी. पोटातलं तांबं गार पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

कॉइलनंतरचा व्यायाम हा वसुधाताईंचा खास नियम होता. नेहमीचे लाकडी ठोकळे नाहीत, खुंट्या नाहीत. प्रत्येकाने घरून स्वतःचं काम आणायचं आणि लुळ्या हाताने तेच करायचं. द्वारकाबाई डब्यातून पीठ आणायच्या. त्यांच्यानंतरचे पेशंट संताजीराव, ज्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते आणि जे स्वतः वीज मंडळात होते, ते फेट्याचं कापड आणायचे.

"काय राव," द्वारकाबाई म्हणायच्या, "आज फेटा बांधला गेला की घोडा पळाला?"

"बाई, तुमची कणीक आधी परातीतून बाहेर सांडायची थांबू द्या," संताजीराव म्हणायचे.

जयेश दोघांच्या मधे उभा राहून ओरडायचा, "भिया, तोंडाचा व्यायाम झाला, आता हाताचा!"

असे दिवस चालले, आणि एका सकाळी द्वारकाबाईंचा अंगठा तर्जनीला जाऊन भेटला. त्यांनी कणकेचा चिमटाभर गोळा तोडला आणि वर धरला. जयेशने टाळ्या पिटल्या. मी मात्र घाबरले. माझ्यातून तर काहीच गेलं नव्हतं!

त्यानंतर झाला तो घोटाळा. द्वारकाबाई खजरान्याच्या गणपतीला जाऊन आल्या. जयेश पाणी आणायला गेला तेवढ्यात त्यांनी पदरातून लाल लच्छा, म्हणजे देवळातला मंतरलेला धागा, काढला आणि डाव्या हाताने व दातांनी ओढून माझ्या दांड्याला घट्ट गाठ मारली. वर नमस्कार केला. खोट्या कॉइलला! लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वसुधाताई आत आल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे कोणी बांधलं?"

"मी. ही मशीन भारी आहे, डॉक्टरजी. एकदम असली."

दारात संताजीराव उभेच होते. "मग आम्हालाही तीच लावा. आमची निळी सुस्त आहे."

"तुमच्या खात्यातली असेल," द्वारकाबाई म्हणाल्या.

सगळे हसले, वसुधाताई सोडून. बाहेर बाकावर बसलेल्यांतही कुजबूज सुरू झाली होती, धागेवाली असली, धागेवाली असली. एका कॉइलवर लोकांचा जीव जडला तर दोन गटांची तुलना करायची कशी? वर्षांचं काम पाण्यात. धागा सोडला तर द्वारकाबाईंचं मन मोडणार, शिवाय लोक म्हणणार, काहीतरी लपवतात. वसुधाताईंनी गाठ चाचपून पाहिली आणि तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या कपाळावर शेंदूर लावून. पर्समधून तसाच लच्छा काढला आणि निळीच्या दांड्याला बांधला. तशीच गाठ.

जयेश बघतच राहिला. "मॅडम, हे रिसर्च पेपरमध्ये कसं लिहिणार?"

"जसं झालं तसं. दोन्ही कॉइलींना समान धागा बांधण्यात आला."

कुजबूज थांबली. अभ्यास पुरा झाला. मग एका दुपारी पुण्याच्या बाई कॉम्प्युटरच्या पडद्यावर आल्या. त्यांनी कोणती खरी ते सांगितलं आणि निकालही सांगितला. निळीवाले सुधारले होते. पिवळीवालेही सुधारले होते. जवळजवळ सारखेच.

"पुन्हा सांगा," वसुधाताई म्हणाल्या. बाईंनी पुन्हा सांगितलं.

पडदा बंद झाल्यावर वसुधाताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. निम्मं आयुष्य त्यांनी निळीच्या ठोक्यांवर लावलं होतं. निळी माझ्या शेजारी पडून होती, माझ्याइतकीच गप्प. मला वाटलं होतं मी जिंकले तर मला हलकं वाटेल. नाही वाटलं.

खरी धाकधूक तर पुढे होती. द्वारकाबाईंना सांगायचं होतं.

"मॅडम, नका सांगू," जयेश अजिजीने म्हणाला. "त्या बाईने खानावळ पुन्हा हातात घेतलीय. भरोशावर मूठ उघडलीय. भरोसा गेला आणि पुन्हा मिटली तर?"

"मिटली तर," वसुधाताई म्हणाल्या, आणि टेबलावरचा चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "तिच्या तोंडावर कबूल केलं होतं मी."

द्वारकाबाई आल्या. मी टेबलावर होते, लच्छा अजून तसाच. वसुधाताईंनी एकही शब्द न फिरवता सांगितलं, की तुमची कॉइल खोटी होती. तिच्यातून तुमच्या डोक्यात काही गेलं नाही.

द्वारकाबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या उजव्या हाताकडे. बोटं हळूहळू आत वळू लागली. मला दिसत होतं. जयेशला दिसत होतं. वसुधाताईंनाही दिसत होतं.

"मग उघडलं कोणी?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"तुम्ही. रोज परातीपाशी बसून."

"म्हणजे मी इथे डोकं टेकवून फुकट बसत होते?"

"डोकं फुकट. हात नाही."

द्वारकाबाई उठल्या. डावा हात त्यांनी पाठीमागे घेतला आणि उजवा माझ्या गाठीकडे नेला. दातांनी ओढलेली गाठ ती, वर धूळ आणि हाताळून आलेला चिकटपणा. अंगठा घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. नख अडकलं, सुटलं. "मी सोडू का?" जयेश पुढे झाला. "हट!" द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. माझ्यातून वीज जात नव्हती तरी मी थरथरत होते, इतकं त्या हाताचं बळ मला लागत होतं. आणि मग गाठीचा एक पदर सैल झाला. दोन बोटांनी तो धरला, ओढला, आणि लच्छा सुटून आला.

"खरी लावायची असेल तर आता लावते," वसुधाताई म्हणाल्या. "कबूल केलंय."

"तिच्याने जास्त फरक पडला?"

"नाही."

"मग रहने दो. दुपारची कणीक भिजवायचीय." असं म्हणून त्यांनी वसुधाताईंचा हात ओढला आणि तो लच्छा त्यांच्या मनगटावर बांधू लागल्या, उजव्या हाताने, डाव्याची जेमतेम मदत घेऊन. "डॉक्टरजी, आता तुमचं काम अडलंय. तुम्हाला गरज आहे."

गाठ वेडीवाकडी बसली. वसुधाताईंनी ती तशीच राहू दिली.

त्यांनी निकाल जसाच्या तसा छापला. शाल कोणी दिली नाही. काही ठिकाणांहून भाषणाची बोलावणी बंद झाली. आता त्या कणकेवर आणि फेट्यावर संशोधन करतात, म्हणजे स्वतःचं रोजचं काम केल्याने हात कसा शिकतो त्यावर. लोक पहिल्यांदा हसतात. मी कपाटात असते. नव्या विद्यार्थ्यांना दाखवायला कधीतरी मला बाहेर काढतात, धूळ पुसतात, परत ठेवतात. निळीही शेजारी असते. तिच्या दांड्यावर अजून लच्छा आहे. मी त्याबद्दल तिला काही म्हणत नाही.

मित्रांनो, एकच मागणं आहे. तुमच्या घरात कोणाचा असा हात असेल, आणि ते माणूस शर्टाचं बटण लावत असेल, तर दारात रिक्षा उभी असली तरी पुढे होऊन बटण लावून देऊ नका. बटण घसरेल. पुन्हा घसरेल. तुमचा जीव वर-खाली होईल, माझा झाला होता तसा. तरी शेजारी बसून राहा.