खाडीच्या तोंडावरचं मैदान

घोडबंदरच्या पुढे, खाडी समुद्राला मिळते तिथे, बांधाच्या आतल्या गवताळ पट्ट्यात मीठखात्याच्या मॅकरे साहेबानं गोल्फचं मैदान आखलं होतं. सहा खळगे, सहा झेंड्या. ठाण्याचे गोरे अंमलदार त्याला बकऱ्यांचं कुरण म्हणत आणि तिकडे फिरकत नसत. होडीनं यायचं तर भरतीची वाट बघावी लागे, आणि आल्यावर खारा वारा तोंडात बसे.

काळुराम मिठागरातला गडी, चाळिशी उलटलेला. साहेबानं त्याला गवत राखायला ठेवलं. खेळायला जोडीदार मिळेना, तेव्हा एका रविवारी साहेबानं त्याच्याच हातात काठी दिली. पहिल्या दिवशी काळुरामनं नुसती माती उकरली. वर्षभरात तो साहेबाला हरवू लागला. वारा त्याच्या जन्माच्या ओळखीचा. चेंडू किती वाहवणार ते त्याला कानशिलावरच कळे. ओहोळावरून उंच गेलेला चेंडू पलीकडच्या हिरवळीवर अलगद टेकला, की मिठानं फुटलेल्या टाचांची ठणकसुद्धा तो विसरे.

"काय मिलतं रं तुला त्यात?" बायको, मालन, विचारी.

"तितं मना कोन हाका मारीत नाय," तो म्हणे.

चार वर्षं अशी गेली. मग साहेबाच्या आग्रहाखातर ठाण्याहून दोघे पाहुणे आले. काळुराम धुतलेली बंडी घालून खेळायला उभा होता. साहेबानं त्याच्याकडे न बघता काठ्यांची पिशवी त्याच्या खांद्यावर दिली. दिवसभर तो मागून चालला. पाहुण्यांचे चेंडू ओहोळात गेले, बुटांत चिखल शिरला. ते मैदानाकडे हात करून काहीतरी बोलले आणि हसले. साहेबही हसला. इंग्रजी येत नसलं तरी काळुरामला ते हसणं कळलं.

दसऱ्याआधीच साहेबाची मद्रासेकडे बदली झाली. "काळुराम, तू माझ्याहून चांगला खेळतो," होडीशी उभा राहून तो म्हणाला.

"मंग त्या दिशी त्यांना का नाय सांगितलंत, साहेब?"

साहेबानं खिशातलं घड्याळ पाहिलं. "पाणी उतरतं आहे," म्हणाला, आणि होडीत बसला.

बांधाची डागडुजी करणारं कुणी उरलं नाही. माघी पौर्णिमेच्या उधाणात तो फुटला. तीन दिवस खारं पाणी गवतावर उभं राहिलं. ते ओसरल्यावर काळुराम कावडीनं विहिरीचं गोडं पाणी आणून मुळांशी ओतू लागला. महिनाभर ओतलं. चैत्रात विहीर तळाला गेली, तेव्हा मालननं कावडीचे हंडे काढून घेतले.

"पोरांच्या तोंडचं पानी हाय ते. आता बस कर."

त्यानं बस केलं. गवत पिवळं पडलं, वर मिठाची पापडी धरली.

पुढल्या हंगामात एका ठेकेदारानं तिथे मिठाचे वाफे पाडले. काळुराम तिथेच रोजावर लागला. वाफ्याचा तळ घट्ट व्हावा म्हणून गडी ओळीनं चिखल तुडवत. तोही तुडवू लागला. दुपारच्या भाकरीला शेजारी बसलेल्या नाथानं विचारलं, "हितं आधी काय होतं रं?"

"गवत," काळुराम म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. ऊन कलायच्या आत अजून तीन वाफे तुडवायचे होते.