सायकलवर आलेला मुऱ्हाळी

लढाई लागायच्या आदल्या सालची गोष्ट. आखाजी, म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया, तीन दिवसांवर आली होती आणि आमच्या गल्लीत रोज एखादी तरी गाडी येऊन उभी राहायची. कोणाच्या सुनेला न्यायला भाऊ आलेला, कोणाच्या काका. गाडीला छत, छताखाली सतरंजी, बैलांच्या गळ्यात घुंगरं. आणि माझ्या सुनेला, म्हणजे झुंबरबाईच्या सुनेला, न्यायला आली सायकल.

सायकल काय असते ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. टपालवाल्याकडे एक होती. पण टपालवाला पत्रं नेतो, सुना नेत नाही.

आमच्याकडे लग्नानंतरची पहिली आखाजी पोरीने माहेरीच करायची. तिथे गौराई बसते, लिंबाला झोके बांधतात, बरोबरीच्या बठ्ठ्या, म्हणजे झाडून सगळ्या, पोरी जमतात आणि सासूच्या नावाने गाणी म्हणतात. माझ्याही नावाने म्हणत असतील, म्हणू देत. पण न्यायला माहेरचा माणूस यावा लागतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला नाही तर पोर सासरच्या चुलीपुढे बसून शेजारचे झोके ऐकते.

यशोदेने, माझ्या सुनेने, दशमीलाच बोचकं बांधून ठेवलं होतं. रोज सकाळी ते सोडायची, नेसायला एक लुगडं काढायची आणि पुन्हा बांधायची. मला दिसत होतं, पण बघितल्यासारखं करायची आमच्या घरात रीत नाही.

मुऱ्हाळी आला तो ऐन अमावास्येला, दुपारच्या उन्हात. तिचा थोरला भाऊ पंडित. दोंडाईच्याला राहतो, धुळ्याला चार बुकं जास्त शिकलेला. सायकल हाताने ढकलत आला, धोतर गुडघ्यापर्यंत बांधलेलं, डोक्यावर टोपी आणि टोपीवर तापीची सगळी रेती. निघाला होता तेरसीला पहाटे. सायकलने संध्याकाळी पोचतो म्हणून घरी सांगून आला होता म्हणे.

मी विचारलं, "गाडी कोठे शे?"

"गाडीची काय गरज, अक्का? मी पुढे सायकलने आलो, नदीकाठाने. गाडी इथलीच एखादी भाड्याने घेऊ."

ऐका. आखाजीच्या आठवड्यात गाडी भाड्याने! अख्ख्या खान्देशातल्या गाड्या पोरी आणायला निघालेल्या, मोडक्या गाड्यासुद्धा दोरी बांधून रस्त्याला लागलेल्या, आणि हा शहाणा गावात येऊन विचारतो गाडी आहे का. चार बुकं शिकलेल्या माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कोणाला साधली नसती.

तरी म्हटलं, पाणी पी, बस. दोन दिवस कुठे होतास ते सांग.

तर त्याचं तोंड उघडलं. मुडावदला कपिलेश्वराच्या देवळाशी उतरलो, अक्का, तिथे पांझरा तापीला मिळते, काय जागा आहे! सायकलवरून काठाकाठाने जाताना एकेक दगड बोलतो. मग बाभळीचा काटा घुसला, चाक बसलं. ते जोडलं. पुढे दुसरा घुसला. मग थाळनेरची गढी, ते घुमट, आत राजांच्या कबरी. "पाच-सहाशे वर्षांपूर्वी तिथे राजधानी होती, अक्का. तुम्ही पाहिलीत का कधी?"

"चाळीस वरीस झाले, थाळनेरना बजारम्हाईन वांगा आनस मी," मी म्हटलं. "राजा काई भेटना नही."

भटू, माझा मुलगा, ओसरीवर हसला. माझ्याकडे बघून त्याने हसण्याचा खोकला केला.

पंडितने पिशवीतून कागदांची गुंडाळी काढली. दगडावर कागद ठेवून वरून कोळसा घासायचा, की दगडावरची अक्षरं कागदावर उमटतात. वाचता येतात का, विचारलं. म्हणाला, नाही, ती फारसी आहेत. म्हणजे याने दोन दिवस उन्हात बसून जे वाचता येत नाही ते उतरवून आणलं, आणि बहिणीचं बोचकं तिकडे रोज सुटत आणि बांधलं जात होतं. त्याच्या आईने दिलेल्या सांजोऱ्या वाटेत त्यानेच संपवल्या होत्या. माझ्यासाठी पाठवलेला खण मात्र शाबूत आणला, फक्त त्याच्यावर साखळीच्या तेलाचा असा डाग, की काठ कुठे संपतो आणि तेल कुठे सुरू होतं ते कळू नये.

"मग निघू या का उद्या?" तो म्हणाला. "यशोदा मागच्या कॅरियरवर बसेल. धुळ्याला बाया बसतात."

"मन्ही सून काय पोतं शे, मांगे बांधीसन लई जावाले? गाडी आन. छत घालीसन आन. नही ते एकटाच जाय, तुन्ह्या दगडंसकट."

झालं. माझा शब्द गेला तो गेला. पंडित गावभर फिरला. पाटलाची गाडी शिरपूरला गेलेली, बाकीच्या कुठे कुठे. गावात उभी अशी एकच गाडी होती आणि ती माझ्या गोठ्यासमोर होती.

ती का उभी होती तेही सांगते. माझी पोरगी बेबा पारोळ्याला दिली आहे. तिला आणायला भटू गाडी घेऊन आठ दिवस आधीच गेला होता. तिथल्या इहीनबाई, बेबाची सासू, बाहेर आल्या, त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, डावीकडच्या बैलाचं शिंग मोडलेलं आहे, असल्या बैलामागे आमची लक्ष्मी बसायची नाही. पाठवलं नाही. बैलाचं शिंग! जणू शिंगानेच गाडी ओढतात. मी त्या बाईला आठ दिवस इतकं बोलले होते, की पारोळ्याला तिच्या कानात घंटा वाजत असतील.

पण माझी गाडी द्यायची नव्हती. सासरने गाडी जुंपून सून माहेरी पोचवायची म्हणजे उद्या लोक म्हणतील, झुंबरबाईला सून जड झाली.

दुपार कलली. यशोदा अंगणात आली, बोचकं सोडलं आणि आतली लुगडी एकेक करून दोरीवर टाकली. वाळत घालायची नव्हती ती, कोरडीच होती. नुसती टाकली. मग मला विचारलं, "आत्या, भाकरी टाकू का?"

रडली असती तर मी दोन शब्द सुनावले असते. भाकरी टाकू का म्हणणाऱ्या पोरीला काय सुनावणार?

तेवढ्यात शेजारची मंजुळाबाई कुडावरून डोकावली. त्या बाईला आमच्या घरातला शब्द आमच्याआधी ऐकू येतो. दोरीवरची लुगडी तिने मोजल्यासारखी बघितली आणि म्हणाली, "व माय झुंबरबाई, पारोळावाली मोडेल शिंग दखीसन बसनी, तू सायकल दखीसन बसनी. तुम्ही दोन्ही सख्ख्या बहिनी शेतस का काय?"

आणि गेली. जाताना माझ्या कुडाची एक काटकीही मोडून गेली, चुलीला.

त्या पारोळेवालीचं तोंड डोळ्यांसमोर येत होतं आणि दर वेळी त्याला माझंच नाक.

मी पंडितला हाक मारली. "ते घुमट कोठे शेतस म्हने तू?"

"थाळनेरला, अक्का."

"माले दखना शेतस. उद्या पहाटे गाडी जुंपस मी. एकटीले करमाव नही, यशोदा संगे ई. तू सायकलवर पुढे चाल, वाट दखाड."

भटू म्हणाला, "पण माय, थाळनेरना घुमट दखाले बोचकं कसाले?"

"तुले काय करनं शे?" मी म्हटलं. भटूला बरोबर घेतलं नाही. बायको पोचवायला जावई सासऱ्याच्या दारात गेलेला मी अजून पाहिला नाही आणि पाहणारही नाही. बैल हाकायला मला कोणी लागत नाही. मालक गेल्यापासून मीच हाकते, बैलही आणि भटूही.

पहाटे निघालो. पुढे सायकल, मागे आम्ही. सायकलची ऐट काय सांगावी! सुसाट पुढे जायची, धुळीचा लोट आमच्या तोंडावर. मग एखाद्या पडक्या चौथऱ्याशी सायकल आडवी पडलेली आणि पंडित चौथऱ्यावर आडवा, कागद आणि कोळसा घेऊन. आम्ही शांतपणे पुढे जायचो. तो पुन्हा घंटी वाजवत यायचा. मोडक्या शिंगाच्या बैलाने एकदाही मान वळवून पाहिलं नाही.

थाळनेरला घुमट पाहिले. पाहते म्हटलं होतं, पाहिले. दगडात कोरलेली फुलं बारीक होती, खोटं कशाला बोलू. आत गार होतं. पंडित म्हणाला, "या राजांच्या पुढे मोठमोठे सरदार वाकायचे, अक्का." आता त्यांच्यावर शेळ्या बसल्या होत्या. मला उगाच आमची ओसरी आठवली, जिथे माझ्यापुढे कोणी वर मान करत नाही. यशोदेला म्हटलं, "चल व, उशीर होस."

नदी उन्हाळ्याची, बैलांच्या पोटापर्यंत पाणी. पंडितने सायकल खांद्यावर घेऊन तापी ओलांडली. काल सायकल त्याला आणत होती, आज तो सायकलीला नेत होता. पलीकडच्या काठावर मुडावदच्या अलीकडे तिसरा काटा घुसला. जोडायचं सामान संपलेलं. त्याने गाडीकडे बघितलं, मी आभाळाकडे.

"अक्का..."

"टाक मांगे."

मग सायकल गाडीत चढली, चाक वर करून, यशोदेच्या शेजारी. तिच्यासाठी अंथरलेली अर्धी सतरंजी सायकलीने घेतली. आणि शिकलेला मुऱ्हाळी बैलांच्या बाजूने पायी, टोपीत कागद जपत. माहेराला सून चालली होती की सायकल, ते वाटेतल्या लोकांना कळेना. यशोदा पदर तोंडाला लावून बसली होती. मला वाटलं, आता रडते. हसत होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी तिचे दात पाहिले. चांगले आहेत.

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना दोंडाईच्याच्या शिवेवर आलो. उद्या आखाजी. लिंबाला बांधलेल्या झोक्यांवरून गाणी येत होती, पोरी सासूला काय काय म्हणत होत्या ते मी मुद्दाम ऐकलं नाही. यशोदा गाडी थांबायच्या आत उतरली होती.

तिची आई कुंदाबाई आरतीचं ताट घेऊन धावत आली. मी कासरा धरून ताठ बसले. मनात म्हटलं, आता गाडीभोवती फिरेल. फिरलीच. तिने सायकल पाहिली, पोराला पाहिलं, आणि डावीकडच्या बैलापाशी येऊन थांबली. मोडलेल्या शिंगाकडे बघितलं. माझं तोंड तयार होतं.

"थकना व्हई बिचारा," ती म्हणाली. त्याच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं, कपाळाला कुंकू लावलं, आणि मग बोट तसंच वर नेऊन त्या मोडक्या शिंगालाही लावलं.

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"पुरे व इहीन," मी म्हटलं, "कुंकू त्याना डोयामा जाई."

आणि खाली उतरले.