राऊतांच्या अंगणातला अँटीव्हायरसचा पट

मानवजातीने आजवर जे काही मोठं साधलं ते वेगाच्या जोरावर साधलं, असं घनश्याम राऊत यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बनवलं होतं. नेरच्या आसपास कुठंही शंकरपट भरला की बैलांच्या जोड्या धावत, छकडे उडत, ते हाकणारे धुरकरी आपटत, आणि घनश्यामराव शेवटच्या रेषेपाशी खुर्चीत बसून घड्याळाचं बटण दाबत. बैल दमत, धुरकरी दमत. घनश्यामरावांना दमलेलं कोणी पाहिलं नव्हतं. पण त्यांनी सांगितलेली वेळ म्हणजे शेवटचा शब्द. जोडी रेषेबाहेर गेली म्हणून एकदा त्यांनी सख्ख्या साळ्याचे बैल रद्द केले होते, आणि साळा त्या वर्षी दिवाळीला आला नव्हता. घनश्यामरावांना दोन्ही गोष्टींचं समाधान होतं.

अशा माणसाने घरच्या कॉम्प्युटरसाठी अँटीव्हायरस निवडला, तर तो कसा निवडणार? डब्यावर रॉकेटचं चित्र होतं आणि खाली ‘सर्वांत वेगवान’ असं लिहिलं होतं. घनश्यामरावांनी पुढचं काही वाचलं नाही. ‘रॉकेट शील्ड’ घरी आलं. रोज सकाळी ते स्कॅन लावत आणि पटाच्या घड्याळावर वेळ मोजत. वेळ दर महिन्याला कमी होत गेली. कॉम्प्युटर मात्र दर महिन्याला हळू होत गेला, पण त्याची वेळ कोणी मोजत नव्हतं.

मोजत नव्हतं म्हणजे विमलताई सोडून. त्या कॉम्प्युटरवर घनश्यामरावांच्या पत्नी विमलताई लग्नपत्रिका बनवत. गणपती कुठला, कलश कुठला, ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ कोणत्या पोराच्या नावावर टाकायचं, हे सगळं त्या ठरवत. पत्रिका पेनड्राइव्हमध्ये घालून बसस्टँडमागच्या कपिल गावंडेच्या छापखान्यात नेत. नेरातल्या निम्म्या लग्नांची सुरुवात राऊतांच्या घरात झाली होती आणि त्यातली बरीच टिकली होती.

त्या दिवशी विमलताई आडे गुरुजींच्या मुलीच्या, संगीताच्या, लग्नाची पत्रिका घेऊन गेल्या आणि पेनड्राइव्ह हातात तसाच घेऊन परत आल्या.

“कपिल म्हणते, काकू, तुमचा पेनड्राइव्ह मी लावत नाई,” त्यांनी सांगितलं. “मह्या पेनड्राइव्हनं त्याच्या कॉम्प्युटरवर जिकडंतिकडं व्हायरसचे शॉर्टकट झाले म्हणते. कॉम्प्युटर साफ असल्याचं डोळ्यानं दाखवा, म्हणे, नाईतं या सीझनच्या पत्रिका मी अमरावतीच्या पोराकडून बनवून घेतो.”

“आपल्या कॉम्प्युटरमंधी व्हायरस?” घनश्यामराव हसले. “अवं, आज सकाळचा टाइम पाह्यला काय तू? चहाले उकळी आली नव्हती, स्कॅन खतम!”

“मले टाइम नाई पायजे. मले काम पायजे. सीझन गेला तं मी काय करू, तुमचं घड्याळ पुसत बसू?”

एवढ्यात शेजारचे देवसिंग आडे गुरुजी कुंपणावरून डोकावले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, बोलणं सावकाश, चालणं सावकाश. मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि पत्रिकेचा पत्ता नव्हता, तरी तेसुद्धा सावकाश.

“घनश्यामभाऊ, माह्याकडं ‘खबरदार’ हाय. फुकटचा. पण सगळं पाह्यते.”

“किती वेळ लागते?”

“आता... शनिवारी लावला तं जेवण झालं, झोप झाली, उठून पाह्यलं तं चालूच व्हता.”

“गुरुजी, त्याले स्कॅन नाई म्हणत, वास्तव्य म्हणते.”

“घाईत पेपर तपासले की सगळेच पास होतेत, भाऊ.”

घनश्यामरावांनी तिथल्या तिथं पट जाहीर केला. रविवार, सकाळ, राऊतांचं अंगण. कॉम्प्युटर एकच, विमलताईंचा. आधी रॉकेट शील्ड धावणार, मग ते काढून त्याच कॉम्प्युटरवर खबरदार धावणार. दोन्ही एकदम ठेवता येत नाहीत, एकमेकांनाच व्हायरस समजून शिंगं लावतात, हे गुरुजींनी समजावलं. पाहणारा पंच म्हणून कपिल गावंडेला बोलावणं गेलं.

नेरात घनश्यामरावांनी खुर्च्या मांडल्या की लोक कारण विचारत नाहीत. रविवारी अंगण भरलं. कॉम्प्युटर बाहेर ओट्यावर आणला होता, त्याला हळदीकुंकू लावलं होतं. कपिल पंचाच्या खुर्चीत मोबाइल बघत बसला होता. माइकवर घनश्यामराव स्वतःच होते, कारण माइकही त्यांचाच होता.

झेंडी पडली. विमलताईंनी बटण दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी सुटली ती थेट टोकाला जाऊन थांबली. लालीबाई, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, पदर सावरून नीट बसायच्या होत्या, त्यांचं बसणं राहिलंच.

“कांई वेगो?” झालं काय, असं त्यांनी गुरुजींना घरच्या बंजारा बोलीत विचारलं.

“झालं,” गुरुजी म्हणाले.

“काय झालं?”

“तेच तं पाहून राह्यलो.”

पडद्यावर ‘धोका आढळला नाही’ असं आलं होतं. टाळ्या पडल्या, कोणीतरी शिट्टी मारली. घनश्यामरावांनी वेळ पुकारली, असा टाइम अख्ख्या विदर्भात झाला नाही असंही सांगितलं, आणि ते खरं असावं, कारण दुसऱ्या कोणी मोजला नव्हता.

विमलताई मात्र अजून पडद्याकडे बघत होत्या.

“इथं लिवलं हाय, तपासलेल्या फाइल बारा.”

“मंग?”

“बारा? अहो, गुरुजींच्या एकट्या पत्रिकेसाठी मी चाळीस गणपती उतरवले हायेत! ते कुठं गेले?”

“ते वगळले मी,” घनश्यामराव माइकवरच म्हणाले. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं. “जे फोल्डर वेळ खाते, त्याले सांगतो, याले हात नको लावू. आधी फोटो वगळले. मंग तुह्या पत्रिका. मंग मह्ये पटाचे व्हिडिओ. मंग सी ड्राइव्ह. तवा कुठं हा टाइम आला. काहून? पटाच्या छकड्यावर कोणी सोफासेट ठेवते काय? वजन उतरवा लागते!”

अंगणातल्या पटशौकिनांनी माना डोलावल्या. मुद्दा बिनतोड होता. छकड्यावर सोफासेट कोणीच ठेवत नाही.

कपिलने पहिल्यांदा मोबाइलमधून डोकं काढलं. “काका, म्हंजे जिथं व्हायरस राह्यते, तेवढंच सोडून बाकी सगळं पाह्यलं तुमी.”

“बाकी काय होतं?” विमलताईंनी विचारलं.

बाकी डी ड्राइव्हच्या कोपऱ्यातला महादेवाचा फोटो आणि त्याच्या आजूबाजूचं काही होतं.

मग खबरदार बसवला. विमलताईंनी स्वतः बघितलं, काहीही वगळायचं नाही. झेंडी पडली आणि काहीच झालं नाही. पट्टी इतकी हळू सरकत होती की ती सरकते यावर दोन गट पडले. घनश्यामरावांनी घड्याळ हातात धरलं ते धरलंच. नियम म्हणजे नियम, जोडी रेषेवर येईपर्यंत अंगठा हलवायचा नाही. लोक घरी जाऊन आंघोळी करून आले. कोणी फवारणीचं औषध आणायला म्हणून गेला आणि आणून परतही आला. लालीबाईंनी सगळ्यांसाठी चहा केला, आणि घनश्यामरावांनी तो डाव्या हाताने प्यायला.

“भाऊ, तुमची जोडी झाडाखाली बसली काय?” कोणीतरी ओरडलं.

“मही नाई, गुरुजींची हाय,” घनश्यामराव म्हणाले. “चरून राह्यली.”

आणि तेवढ्यात कॉम्प्युटर कोकलला. पडदा लाल झाला.

“सापडला!” विमलताई खुर्चीतून उठल्या. “चि. प्रेम आणि चि. सौ. कां. खुशी, ढाणकीवाले! त्यायच्या पत्रिकेत!”

“त्यायच्या लग्नाले तं आपुन गेलतो,” गुरुजी म्हणाले. “वरातीत जास्तीचे दोघं होते, मले तवाच शंका आलती.”

पुन्हा कोकलला. मारेगावच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्याच्या पत्रिकेत, निघाला. मग एका बारशात. विमलताईंनी नवऱ्याच्या हातून माइक काढून घेतला आणि एकेक नाव पुकारायला लागल्या, आणि अंगण उसळलं. उगाच उठून गेलेले धावत परत आले. ज्यांच्या पत्रिकेत व्हायरस निघाला ते अभिमानाने इकडेतिकडे बघत होते. ज्यांच्यात निघाला नाही ते, “नीट पाहा ना ताई, आमच्यात असनच,” म्हणत होते. ममता नावाची एक बाई तर, आमच्या पत्रिकेला एवढा खर्च केला तरी व्हायरस नाही, म्हणून रुसली.

सगळ्यात मोठा निघाला तो शेवटी, ‘पट’ नावाच्या फोल्डरमध्ये. ‘शंकरपट फुल एचडी फ्री’ असं त्या फाइलचं नाव होतं. ती व्हिडिओ नव्हतीच. सगळी पिलावळ तिच्यातून सुटली होती. ती फाइल कोणी उतरवली होती हे विमलताईंनी पुकारलं नाही. फक्त माइक चालू ठेवून नवऱ्याकडे पाहिलं.

अखेर पट्टी टोकाला लागली. ‘सर्व धोके काढून टाकले. कॉम्प्युटर सुरक्षित आहे.’ घनश्यामरावांनी बटण दाबलं. अंगठा सरळ व्हायला थोडा वेळ गेला.

“आता निकाल सांगा,” विमलताई म्हणाल्या.

“टाइमच्या हिशोबानं तं...” घनश्यामराव सुरू झाले.

“मले एक सांगा. पटात जोडी अर्ध्यातच रेषेबाहेर पळाली आन शेताशेतानं येऊन शेवटी झेंडीपाशी उभी राह्यली, तं तुमी तिचा टाइम धरता काय?”

हा प्रश्न घनश्यामरावांना आजवर कोणी विचारला नव्हता, कारण त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. रॉकेटच्या चित्राकडे पाहिलं. मग बायकोच्या हातून माइक घेतला, आणि साळ्याला ज्या आवाजात सांगितलं होतं त्याच आवाजात सांगितलं:

“पटावरून न धावता आलेली जोडी रद्द. रॉकेट शील्ड रद्द! पह्यला नंबर खबरदार, धुरकरी विमल घनश्याम राऊत!”

नेरात असा जल्लोष कापसाला भाव आल्यावरही होत नाही. गुलाल उडाला. तो कॉम्प्युटरच्या पंख्यात जाऊ नये म्हणून लालीबाईंनी त्याच्यावर लुगडं टाकलं आणि शिल्लक गुलाल विमलताईंच्या डोक्यावर ओतला. गुरुजी चक्क घाईने उठले.

“मानलं काकू,” कपिल म्हणाला. “डोळ्यानं पाह्यलं. चला, आत्ताच छापतो संगीताची पत्रिका. आन सीझनच्या सगळ्या तुमच्याकडंच.”

विमलताईंनी पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला, तोही तपासून घेतला, आणि तो साफ निघाल्यावर पुन्हा टाळ्या झाल्या. मग सगळं अंगण छापखान्याकडे निघालं. पुढे विमलताई, हातात पेनड्राइव्ह, त्यांच्यामागे घनश्यामराव माइकशिवायच पुकारत, “बाजू व्हा, बाजू व्हा, पह्यला नंबर येऊन राह्यला!” बसस्टँडवर अमरावतीच्या गाडीतले लोक खिडक्यांतून डोकी काढून बघत होते. एकाने विचारलं, कोण निवडून आलं? गुरुजी म्हणाले, “विमलताई.” त्याने हात जोडले.

छापखान्यात कपिलने कॉम्प्युटर सुरू केला. पेनड्राइव्ह लावला. पत्रिका उघडली. चाळीसातला निवडलेला गणपती, कलश, चि. सौ. कां. संगीता, सगळं जागच्या जागी. लालीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. विमलताईंनी ते पाहिलं आणि स्वतःचं पुसलं. मशीन सुरू झाली आणि पहिली पत्रिका ओल्या शाईचा वास घेऊन बाहेर आली. घनश्यामरावांनी वेळ मोजली नाही.

गुरुजींनी पत्रिका सावकाश, पाठपोट वाचली. मग सहज विचारलं, “कपिलभाऊ, तुमच्या या कॉम्प्युटरमंधी कोणता अँटीव्हायरस हाय?”

“याच्यात? याच्यात कायले पायजे, गुरुजी? याले नेटच नाई लावलं. व्हायरस येईन कुठून?”

“आन ते शॉर्टकट?”

“ते काय, हायेतच. रोज सकाळी दुकान झाडलं की डिलीट मारतो.”

पेनड्राइव्ह तोवर लागलेला होता.