शशिधरच्या शेतातली भाजी

शशिधरने अलॉटमेंटसाठी नाव घातलं तेव्हा त्याचा अर्णव प्राथमिक शाळेत होता आणि शशिधरच्या डोक्यावर केस होते. प्लॉट मिळाला तेव्हा अर्णव युनिव्हर्सिटीत पोहोचला होता, आणि केसांबद्दल न बोललेलं बरं. इथे विलायतेत, हॅरोमध्ये, कौन्सिलच्या म्हणजे पालिकेच्या मोकळ्या जमिनीचे तुकडे पाडून ते भाजीपाला पिकवायला भाड्याने देतात, त्याला अलॉटमेंट म्हणायचं. असा तुकडा मिळवायचा तर आधीच्या माणसाने कंटाळून सोडावा लागतो, नाहीतर देवाघरी जावं लागतं. शशिधर दोन्हींची वाट पाहत होता. मधल्या काळात त्याने आणखी दोन ठिकाणी चौकशी केली. एकीकडे नावं घेणंच बंद होतं. दुसरीकडे तो रस्ता चुकून एका म्हाताऱ्या बाईंच्या खासगी बागेत शिरला आणि यातला कुठला तुकडा लवकर रिकामा होण्यासारखा आहे, असं त्याने त्यांनाच विचारलं. त्या बाई अजून हिंडत्याफिरत्या असल्यामुळे प्रश्न त्यांना आवडला नाही.

शेवटी एका वसंतात साइटचा सेक्रेटरी ब्रायन याचा फोन आला. अर्धा प्लॉट रिकामा झाला होता. उन्हाळाभर वापरून बघा, नीट राखलात तर तुमचा, नाहीतर पुढच्याचा, असं त्याने सांगितलं. शशिधरने ऑफिसातल्या मीटिंगमधूनच 'येस' म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत गुडघ्यापर्यंतचे बूट, फावडं, कुदळ आणि एक गवती टोपी विकत घेतली. बायकोने, निवेदिताने, टोपीकडे पाहून विचारलं की तू लावणार काय आहेस. तो म्हणाला, "सगळंच."

आता शशिधरचा शेतीचा अनुभव सांगायचा तर तो कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरचा. बाल्कनीत एक तुळस होती आणि तिला पाणी त्याची आई घालायची. पण बँकेत रिस्क मॅनेजमेंट करणाऱ्या माणसाला आत्मविश्वासाची कमतरता नसते. त्याने मेथी पेरली, राजगिरा पेरला, लाल भोपळा, घेवडा, मका, सगळं एकाच शनिवारी पेरलं. रोपं वर आली आणि त्यांच्या मागोमाग गोगलगायी आल्या. शंखसुद्धा नसलेल्या, बोटभर लांब, पाऊस पडला की कुंपणाखालून हळूहळू निघणाऱ्या. मेथी त्यांनी एका रात्रीत संपवली. राजगिरा त्यांना मेथीहून आवडला. भोपळ्याचा एक वेल वाचला होता, त्यावर शशिधरचाच बूट पडला.

इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं. शशिधरने तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकायला सुरुवात केली. फोटो खरे होते, भाजी खरी होती, फक्त ती शेजारच्या प्लॉटमधली होती, म्हणजे ब्रायनची. शशिधर कॅमेरा असा धरायचा की ब्रायनच्या नावाची पाटी चौकटीबाहेर राहील. खाली लिहायचा, 'आपल्या शेतातून.' लोक टाळ्या पाठवत. नागपूरच्या एकाने तर शेणखताबद्दल सल्ला मागितला आणि शशिधरने तो दिलासुद्धा.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण फोटो अनुराधाताईंनीही पाहिले.

अनुराधाताई म्हणजे निवृत्त भूलतज्ज्ञ. शशिधर आणि निवेदिता या देशात नवीन आले, तेव्हा घर मिळेपर्यंत या बाईंनी त्यांना आपल्या माडीवरच्या लहान खोलीत ठेवून घेतलं होतं, आणि भाड्याचा विषय काढला की त्या चहा करायला उठायच्या. बोलायला फटकळ. शशिधरला त्या तोंडावर 'बोलघेवडा' म्हणत आणि त्याला ते नातेवाइकाने म्हटल्यासारखं वाटे. तर या ताईंचा जुलैत फोन आला. त्या ऋषिपंचमी करत. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, माणसाने हाताने खणून पिकवलेली भाजीच तेवढी चालते, हा नेम त्यांनी आईकडून घेतला होता. हॉस्पिटलच्या ड्यूट्या सांभाळूनही तो कधी मोडला नव्हता. पण भाजी दुकानातली. ती कुणी पिकवली, कशी पिकवली, कोण जाणे. दर वर्षी त्या डोळे मिटून खात आणि मनात खुटखुट राही.

"शशी, यंदा पहिल्यांदा माझी पंचमी मनासारखी होईल," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातची भाजी आणशील ना?"

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. त्याने तोंड उघडलंही. पण त्यांचा आवाज इतका हलका झाला होता की तो "हो हो, भरपूर आहे," म्हणून गेला. ग्रुपमधल्या लोकांना फसवण्यात मजा होती, ह्यात अजिबात नव्हती. निवेदिताने ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "तू सांगून टाक. मी तुझ्या खोट्यात नाही." तो रोज उद्या सांगू म्हणत राहिला आणि गणपती येऊन बसले.

त्यातच ब्रायनने दटावलं. शशिधरच्या अर्ध्या प्लॉटात पेरलेलं काही नसलं तरी हिरवं पुष्कळ होतं. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी दिसणारी एक रानटी वनस्पती सगळीकडे माजली होती. ब्रायन तिला फॅट हेन म्हणे आणि नाक मुरडे. हिचं बी माझ्याकडे उडतंय, आठवडाअखेर कमिटी बघायला येईल त्याआधी सगळं उपट, असं त्याने सांगितलं. गणेशचतुर्थीची आरती करून, मोदक खाऊन शशिधर प्लॉटवर गेला आणि अंधार पडेपर्यंत उपटत राहिला. उन्हाळाभरातलं हे त्याचं एकमेव यशस्वी काम. कुंपणाशी कमरेएवढा ढीग झाला आणि जमीन दाढी केल्यासारखी स्वच्छ दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी पंचमी. शशिधरने रजा काढली आणि सकाळी दुकान उघडताच तिथून मक्याची कणसं, लाल भोपळ्याची फोड, भेंडी आणि एक लांबलचक पडवळ घेतलं. मग तो तडक प्लॉटवर आला. भाजी फारच धुतलेली, चकचकीत होती. शेतातली वाटायला तिला माती हवी होती. तो उकिडवा बसला, कालच्या पावसाची ओली माती त्याने तळहातावर घेतली आणि पडवळाला एका टोकापासून चोळायला लागला. बँकेतल्या लोकांनी त्याला ह्या क्षणी पाहिलं असतं तर रिस्क मॅनेजमेंटचा अर्थ त्यांना नव्याने कळला असता.

"शशिदर, युअर आन्टी इज हिअर," मागून ब्रायनचा आवाज आला.

अनुराधाताई काठी टेकत पायवाटेवरून येत होत्या. हाताने खुडलेली भाजी आणखी चांगली, म्हणून त्या स्वतः बसने आल्या होत्या. अंगावर धुवट साडी, वर रेनकोट, हातात रिकामी पिशवी. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मातीने अर्ध्या माखलेल्या पडवळाकडे पाहिलं, मग भोपळ्याच्या फोडीकडे. तिच्यावर प्लास्टिक ताणून बसवलेलं होतं आणि दुकानाचं स्टिकर होतं.

"हॅरोच्या थंडीत उघड्यावर पडवळ," त्या म्हणाल्या. "कमाल आहे."

शशिधरला सबबी सुचायच्या तशा दोन सुचल्या, पण त्याने त्या गिळल्या. उठून उभा राहिला आणि सगळं सांगितलं. मेथी, राजगिरा, गोगलगायी, बूट, फोटो. ब्रायनला मराठी येत नव्हतं, पण फोटोंचं सांगताना शशिधरने त्याच्या भोपळ्यांकडे हात केला तेव्हा ब्रायनने मान डोलावली. त्याला ते कधीपासूनच ठाऊक होतं. "तुम्ही एवढ्याशा गोष्टीसाठी इतकी वर्षं थांबलात, ताई, आणि मी तिचीही वाट लावली," शशिधर म्हणाला. त्याला खरोखर रडू येत होतं, आणि गवती टोपी घालून रडणं किती वाईट दिसत असेल हेही कळत होतं.

त्या स्वच्छ, रिकाम्या जमिनीकडे ताईंनी पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता आणि तो पाहणं शशिधरला जड गेलं. मग त्या परत जायला वळल्या आणि कुंपणाशी येऊन थबकल्या.

"हे काय आहे?"

"तण. काल उपटलं सगळं."

त्यांनी काठीने ढीग उकरला. वरचं कोमेजलं होतं. खालचं रात्रभर दवात राहून हिरवंगार होतं. एक शेंडा खुडून त्यांनी बोटांत चुरडला, हुंगला, आणि पानाच्या मागच्या पांढऱ्या पिठावरून अंगठा फिरवला.

"अरे गाढवा," त्या हळूच म्हणाल्या, "हा चाकवत आहे."

चाकवत शशिधरने लहानपणापासून खाल्ला होता, पण तो ताकातला, वाटीतला, वरून लसणीची फोडणी घातलेला. तो जमिनीत उगवताना कसा दिसतो हे बघायची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती. उन्हाळाभर त्याच्या प्लॉटात चाकवताचं पीक उभं होतं आणि तो त्यावरून पाय टाकत मेथीचा शोक करत फिरला होता.

ब्रायनने ताईंसाठी आपली घडीची खुर्ची आणून मांडली. त्या बसल्या आणि ढिगातून जून झाडं बाजूला सारून कोवळे शेंडे तेवढे खुडायला लागल्या. ब्रायनने भीत भीत विचारलं की ही बाई हे खाणार आहे का. शशिधरने हो म्हटल्यावर तो त्या ढिगाकडे आणि मग आपल्या आयुष्यभराच्या खुरपणीकडे मागे वळून बघत असावा, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

शशिधर चिखलात खाली बसला. "पण ताई, हे चालेल का तुमच्या नेमाला? मी तर हे पेरलंसुद्धा नाही."

ताईंनी खुडणं थांबवलं नाही. "बैलाचे कष्ट नकोत एवढाच नेम," त्या म्हणाल्या. "इथे तर तुझेही नाहीत. ह्याहून सोवळी भाजी मला जन्मात मिळाली नव्हती."

आणि त्या हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते मातीच्या हाताच्या मनगटाने पुसले. शशिधरही ढिगाकडे सरकला आणि त्याने एक शेंडा मोडला. तो जून निघाला. ताईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला, बाजूला टाकला, आणि कोवळा कसा ओळखायचा ते त्याला पहिल्यापासून दाखवायला सुरुवात केली.