तंगुसाचे सात वेढे

आमच्या अ‍ॅशच्या झाडाला या मार्चात निम्मीच पालवी फुटली. शेंड्याकडच्या फांद्या कोरड्या, काळ्या, तशाच उभ्या. दीनानाथ, म्हणजे आमचे हे, रोज सकाळी चहाचा कप घेऊन झाडाखाली जायचे, नखाने एखादी डहाळी खरवडून आत हिरवं दिसतंय का बघायचे आणि आत यायचे. मी विचारायचे, "काय म्हणतंय?" ते म्हणायचे, "बघू." तीस वर्षांच्या संसारात या माणसाच्या "बघू"ने मला जेवढं दमवलंय तेवढं कुवेतच्या उन्हाळ्यानेही नाही दमवलं.

कुवेतमधल्या एगैलात यासिर नावाच्या भल्या घरमालकाच्या तळमजल्यावर आम्ही राहतो. पुढे हातभर अंगण आहे. आठ वर्षांपूर्वी तिथे ह्यांनी हे झाड लावलं. नर्सरीवाला राजन म्हणाला होता, मूळचं अमेरिकेतल्या वाळवंटाकडचं आहे, ऊन सोसेल. उन्हाळ्यात सावली देईल आणि थंडीत पानं गाळून ऊन आत येऊ देईल. पहिल्या डिसेंबरात सगळी पानं गळाली तेव्हा झाड मेलं म्हणून मी रडायला बसले होते. हे हसले. इन्स्ट्रुमेंट इंजिनियर माणूस, झाडाचंही वेळापत्रक भिंतीवर लावलेलं. आठवड्यातून दोनदा पाइप बारीक सोडून तासभर पाणी, तेही बुंध्यापासून लांब. मी पूजेनंतर तांब्याभर पाणी बुंध्यात ओतायचे, तर ओरडायचे, "अगं, तुळस नाही ती! रोज घोटभर पाणी वरच मिळालं तर मुळं खाली कशाला जातील?"

वडपौर्णिमेला मात्र माझंच चालायचं. जवळपास वड नाही, मग माझ्या मैत्रिणीने, चारुताने ठरवून टाकलं की वडाला चालतं ते अ‍ॅशलाही चालेल. ती बँकेत आहे, तिला ठरवायची सवयच आहे. दर जूनमध्ये पहाटे साडेपाचला मंगफ-जाब्रियाहून आठ-दहा जणी नटूनथटून यायच्या, ऊन चढायच्या आत सूत गुंडाळायच्या आणि तशाच ऑफिसला पळायच्या. "सावित्री बँकेत आणि वड अमेरिकेचा," हे दारात उभे राहून चिडवायचे. सूत काढायचं नसतं, म्हणून कोणी काढायचं नाही. वर्षभरात ते उन्हाने विरायचं, वर नवं यायचं.

कोरोनाच्या वर्षी कोणीच आलं नाही. कर्फ्यू होता. हे जाब्रियाच्या हॉस्पिटलात, ऑक्सिजनवर, नववा दिवस. भेटायला बंदी. फोनवर नर्स एकच वाक्य सांगायची, "सेम, मॅडम, सेम." घरात सुताची गुंडी नव्हती आणि दुकानं बंद. ह्यांच्या मासेमारीच्या डब्यात तंगुसाचं, गळाच्या नायलॉन दोरीचं, रीळ होतं. मी तेच घेतलं. झाड तेव्हा मनगटाएवढं होतं. सात वेढे घट्ट ओढले आणि वर गाठीवर गाठ मारली, सुटायला नको म्हणून. सात जन्म बिन्म काही मागितले नाहीत. याच जन्मातले उरलेले दे, म्हटलं. पाचव्या दिवशी हे घरी आले.

तंगुसाचं मी कोणाला सांगितलं नाही. पुढल्या जूनपासून त्यावर बायकांचं सूत चढलं आणि ते दिसेनासं झालं.

आता झाड वाळायला लागलं तेव्हा ह्यांनी राजनला बोलावलं. त्याने खोडावरून हात फिरवला. सुताच्या वर खोड फुगलेलं, खाली बारीक. "साब, कुछ बाँधा था क्या? इसका गला दबा है।"

माझ्याआधी हेच घाईने म्हणाले, "कॉटन है, अपने आप सड़ जाता है।" आणि त्याला खताचं विचारायला लागले.

ते ऑफिसला गेल्यावर मी सूत बाजूला सारलं. बाई गं! साल दोन्हीकडून वर येऊन तंगुसावर चढलेली. खाचेत मधेमधे ते चमकत होतं. मी कात्री आणली आणि कात्री हातात धरून तशीच उभी राहिले. तोडलं नाही तर झाड जाणार हे दिसतच होतं. आणि तोडलं तर? मी ते झाडासाठी थोडंच बांधलं होतं? कात्री परत ड्रॉवरमध्ये गेली.

तीन आठवडे असे गेले. रोज कात्री काढायची, रोज ठेवायची. हे नुसते खोकले तरी माझा हात थांबायचा. लेकीला, ज्ञानदाला, फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ थ्रेड." तिला काय जातंय म्हणायला! ते नऊ दिवस ती टोरांटोत होती, फोनच्या या टोकाला मी होते. इकडे झाडाची आणखी एक फांदी वाळली. मला झोप लागेना, स्वयंपाकात मीठ दोनदा पडायला लागलं. मी दमून गेले होते, खरंच.

शेवटी एका शुक्रवारी सकाळी, ते डहाळी खरवडत असताना, मी बोलून टाकलं. "अहो, त्यात तंगूस आहे. मी बांधलंय. तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा."

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "माहीत आहे."

"माहीत आहे? कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. सूत सरकलं होतं. माझंच तंगूस, मी ओळखणार नाही?"

माझं डोकंच फिरलं. "आणि तोडलं नाहीत? रोज खतं काय घालताय, पाणी काय मोजताय! मला बोलायला जीभ आहे ना एरवी? अमेरिकेचा वड म्हणे!"

"राहून गेलं," ते म्हणाले.

मी आतून कात्री आणली आणि रडू आवरत म्हटलं, "मी बांधलं, मीच तोडते." त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "कात्रीने नाही व्हायचं. आणि जीव माझा आहे ना, मग मीच तोडतो." टूलबॉक्समधून कटर आणि पक्कड काढून ते गुडघ्यांवर बसले. एकेक वेढा तुटताना टक् आवाज यायचा आणि मी प्रत्येक वेळी त्यांच्या छातीकडे बघायचे. सहा निघाले. सातवा लाकडात पार आत गेला होता.

"राहू दे तो," ते म्हणाले. "उशीर झालाय तसाही."

खाचेवरचं झाड काही वाचलं नाही. एप्रिलच्या शेवटी ह्यांनी आणि राजनने ते कमरेएवढं ठेवून कापलं. खाचेखाली दोन कोंब आलेत, बोटभर. एक ठेवायचा, एक काढायचा, असं वेळापत्रकात लिहिलंय. चारुताला मी फोन करून सांगितलं की यंदा कोणी काही बांधायचं नाही, नुसतं पाणी घालायचं, तेही लांबून.

परवा मशीनला कपडे टाकताना सवयीने ह्यांच्या शर्टाचा खिसा चाचपला. आत कागदाची पुडी होती. उघडली तर तंगुसाचे तुकडे, सहा वेढ्यांचे, नीट जुळवून ठेवलेले. शर्ट मशीनमध्ये टाकला. पुडी त्यांच्या धुतलेल्या शर्टाच्या खिशात ठेवली.